तेव्हा आमचं वजन केलंत, आता आमची साखर तपासा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, आदिवासी विकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : आदिवासी पाड्यांवर वाढणारा मधुमेह आणि त्याकडे होणारं दुर्लक्ष

जोहार.

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आशा म्हणून काम करते. वारली समाजातली आहे. माहेरही याच तालुक्यातलं, डोंगरापलीकडचं. हे पत्र टपालानं तुमच्याकडे येईलच. सगळ्यांनी वाचावं म्हणून ते उघडही लिहिते आहे, कारण यातलं दुखणं एका पाड्यापुरतं नाही.

या पावसाळ्यात आमच्याकडे साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या. ग्लुकोमीटर आहे, पट्टी नाही. पुन्हा पुन्हा मागणी केल्यावर वरून निरोप आला, की तुमच्या भागात शुगरचे पेशंट फारसे नसतात, पट्ट्या जिथे जास्त लागतात तिथे आधी दिल्या आहेत. निरोप देणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याच्या समोरच्या तक्त्यात आमच्या नावापुढे तसाच आकडा असणार. जिथे तपासणीच होत नाही तिथे रुग्ण दिसणार कसे? मला हा निर्णय मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

१९९२ साली आमच्याच तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून जास्त मुलं कुपोषणानं आणि आजारानं दगावली. राज्यभर गाजलं. मंत्री आले, पत्रकार आले, वजनकाटे आले. त्यानंतर आमच्या मुलांना मोजायची रीतच पडली. मेळघाटात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावात, गडचिरोलीतही मुलं अशीच काट्यावर बसली, दंडाला पट्टी लागली, वहीत श्रेणी लिहिली गेली. दगावलेल्यांचे आकडे विधानसभेत वाचले गेले. जी वाचली, त्यांच्या शरीराचं पुढे काय झालं हे मात्र कुणी विचारलं नाही. ती मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत, आणि तुमच्याच कार्यक्रमात मधुमेहाची तपासणी तिशीपासून सुरू होते.

माझा मधला भाऊ त्यांच्यातला. तेव्हा तो अंगावर पिणारा होता. पोट पुढे, हातपाय काटकीसारखे, असं आई सांगायची. तो जगला. पुढे भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर राबला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. अंगानं कायम किडकिडीत. तिशीनंतर त्याला सारखी तहान लागायला लागली, रात्री चार-पाचदा उठायचा, कंबरेची पँट दोरीनं बांधायला लागला. आम्हाला वाटलं टीबी. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग भगताकडे नेलं. पुढच्या हंगामात भट्टीवर तळपायाला चटका बसला आणि त्याला तो कळलाच नाही, इतकी पायाची जाण गेलेली होती. जखम चिघळली. दवाखान्यात पहिल्यांदा साखर मोजली तेव्हा ती पाचशेच्या वर होती. आधी बोटं कापली, मग गुडघ्याखालचा पाय गेला. आज तो इन्शुलिनवर आहे. भट्टीवर आता वहिनी जाते, आणि मोठ्या मुलीची शाळा सुटली.

आजारी पडण्याआधी भावाचा फॉर्म भरला गेला होता. आम्ही आशा घरोघरी तिशीच्या पुढच्या माणसांचा तो फॉर्म भरतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला हा आजार आहे का, असे सहा प्रश्न आणि त्यांचे गुण. चारच्या वर गुण आले की त्या माणसाला तपासणीसाठी पुढे घ्यायचं. भावाचा हिशेब असा झाला : वय तिशीतलं, १. रोज तंबाखू, २. दारू, १. कंबर बारीक, ०. मेहनत भरपूर, ०. घरात आजार माहीत नाही, ०. एकूण ४. म्हणजे घाई नाही.

ही माझी पहिली तक्रार, आणि सगळ्यांत मोठी. हा फॉर्म पोट सुटलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसासाठी बनला आहे. आमचा माणूस बारीक आणि राबणारा, म्हणून त्याचे गुण आपोआप कमी येतात. 'घरात कुणाला आहे का' या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे 'नाही' असंच येतं, कारण आईबापाची साखर जन्मात कुणी मोजलेली नसते. नियमानं तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी, हे मला माहीत आहे. पण पट्ट्या मोजक्या असतात तेव्हा आधी चारच्या वरचे घेतले जातात, आणि पट्ट्या कायमच मोजक्या असतात.

बारीक माणसाला मधुमेह कसा होतो, हे कोडं आता राहिलेलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आईच्या पोटात नीट पोषण न मिळालेलं बाळ कमी वजनाचं जन्मतं, त्याच्या अंगात मांस कमी आणि त्या मानानं चरबी जास्त असते, आणि पुढे मधुमेहाचा धोका त्याच्या वाट्याला येतो, हे त्यांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या बाळांवरून दाखवलं. भुकेत वाढलेल्या माणसाच्या शरीरात मुळात इन्शुलिनच कमी बनतं, असा एक वेगळा मधुमेहही डॉक्टरांना माहीत होता. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली त्याला वेगळं नाव दिलं आणि १९९९ साली यादीतून काढून टाकलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या आणि परदेशातल्या डॉक्टरांनी तो पुन्हा समोर आणला, आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. माझ्या भावाला नेमका हाच प्रकार आहे का, ते डॉक्टरांनी ठरवायचं. मला एवढंच दिसतं, की ज्या गोष्टीवर बँकॉकच्या परिषदेत ठराव होतो, तिच्यासाठी आमच्या उपकेंद्रात पट्टी नाही.

दुसरी तक्रार तपासणीच्या पद्धतीची. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सांगतात, एचबीएवनसी म्हणतात ती. ही तपासणी लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच मरते, मग तिच्यावर साखर साचणार कधी? आकडा खोटा कमी येतो आणि रुग्णाला 'तुला काही नाही' म्हणून घरी पाठवलं जातं. नुसता वाहक, म्हणजे दोष अंगात असून आजारी नसलेला, असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि आमच्याकडे पांढुरकी झालेली नाही अशी बाई शोधावी लागते. सिकलसेल कुठे आहे? नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत, आमच्या पट्ट्यात. केंद्रानं १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं ठरवलं, कार्डं वाटली. चांगलं काम आहे, मी स्वतः त्यात राबले आहे. मात्र साखर तपासायला गेलेल्या माणसाकडे ते कार्ड कुणी मागत नाही. एकाच विभागाचे दोन कार्यक्रम, एकाच बाईच्या दंडातून दोनदा रक्त काढतात, आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

गरोदर बायांचं तर फार जिवाला लागतं. प्रत्येक गरोदर बाईची साखर दोनदा तपासायची असा केंद्राचा नियम आहे, नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमाराला. पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी रक्त घ्यायचं, एवढंच काम. पण ग्लुकोजची पुडी नसते, किंवा बाई डोंगर उतरून येईपर्यंत नर्सताई दुसऱ्या पाड्यावर गेलेली असते. आईची साखर बिघडलेली राहिली तर बाळाला पुढे धोका, आई उपाशी राहिली तरी बाळाला पुढे धोका. आमची पोरं दोन्ही बाजूंनी सापडली आहेत. २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण मिळतं. ती जेवायला येते तिथेच ही तपासणी का होऊ नये?

तिसरी गोष्ट ताटातली.

माझ्या आजीच्या घरात नागलीची भाकर, वरईचा भात, उडदाची आमटी असायची. पावसाळ्यात शेवळं, लोत, कोळीची भाजी, करटोली, ओढ्यातल्या चिंबोऱ्या. उन्हाळ्यात ओढाताण व्हायची, उपासही घडायचे. जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. आता रेशनचा तांदूळ आणि गहू येतो. त्या धान्यानं पोटं भरली आणि ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यासोबत डाळ नाही, तेल नाही, मग ताटात भाताचा ढीग आणि वर मिठाचं पाणी. दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा कोरा चहा, भूक मारायला. पोरांच्या हातात पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी, कारण पाड्यावरच्या दुकानात पाच रुपयांत दुसरं काही मिळत नाही. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. शहरात नागलीच्या बिस्किटांचे स्टॉल लागले. नागली पिकवणाऱ्या आमच्या डोंगरात रेशनच्या दुकानावर नागली आलेली मी पाहिली नाही. नागली खाल्ली की मधुमेह बरा होतो, असा माझा दावा नाही. जे धान्य आमच्या मुरमाड वरकस जमिनीवर येतं, ज्यात कॅल्शियम आणि लोह आहे, ते आमच्या पोरांनी सोडून द्यावं अशी व्यवस्था सरकारी पैशानं उभी राहू नये, एवढं म्हणणं आहे.

या बाबतीत आम्ही जगात एकटे नाही. अमेरिकेत ॲरिझोनात पिमा नावाचे आदिवासी आहेत, त्यांचं स्वतःचं नाव अकिमेल ओओधाम, म्हणजे नदीची माणसं. त्यांच्या हिला नदीचं पाणी वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी वळवलं, शेती सुकली, आणि मग सरकारनं दिलेल्या मैद्यावर आणि चरबीवर ते जगू लागले. त्यांच्यातला मधुमेह जगात सर्वांत जास्त म्हणून नोंदला गेला. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात त्यांचेच भाऊबंद जुन्या पद्धतीनं शेती करत होते. २००६ साली छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पिमांपैकी ३८ टक्क्यांना मधुमेह होता, मेक्सिकोतल्यांपैकी ६.९ टक्क्यांना. रक्त एकच. हे वाचताना मला आमची वैतरणा आठवली. तिचं धरणांतलं पाणी मुंबईला जातं आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही, पीक नाही म्हणून भट्टी.

पण तिथलीच दुसरी गोष्टही सांगते, कारण 'यांच्यात काही फरक पडत नाही' असं बोलणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेच्या संसदेनं १९९७ साली आदिवासींच्या मधुमेहासाठी वेगळा निधी काढला. तो निधी आदिवासींच्या आपापल्या संस्थांच्या हातात दिला. काम कसं करायचं ते त्यांनी ठरवलं. डॉक्टर, नर्स, आहार सांगणारी बाई, पाय तपासणारा माणूस, औषध वेळेवर, मूत्रपिंडाची तपासणी वेळेवर. १९९६ ते २०१३ या काळात तिथल्या आदिवासींमध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. कॅनडात काहनावाकेच्या मोहॉक आदिवासींनी १९९४ पासून शाळेतूनच हे काम हाती घेतलं. म्हणजे फरक पडतो.

स्थलांतराबद्दल थोडक्यात. दिवाळीनंतर आमचा पाडा जगायला बाहेर पडतो, भिवंडी-वसईकडे भट्टीवर, नाशिककडे द्राक्षाच्या बागांत. शिमग्याला दोन दिवस येतो, मग थेट पावसाच्या तोंडावर. गोळ्या मिळतात एका महिन्याच्या. भट्टीजवळच्या दवाखान्यात 'तुमचं नाव जव्हारला आहे' म्हणतात. इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि भट्टीवरच्या झोपडीत वीज नाही. भावाला मी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायला शिकवलं. हे शिकवणं विभागाच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. साखर वाढलेल्या माणसाला टीबी व्हायची शक्यता दोन-तीन पट असते. टीबीचं औषध आम्ही माणसाच्या मागे जाऊन देतो, मग साखरेचं का नाही?

आणखी एक, आकड्यांचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निकाल २०२३ साली आले : देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, शहरात १६.४ टक्के, ग्रामीण भागात ८.९ टक्के. राज्यांचे आकडेही मिळतात. राज्यात आदिवासींची संख्या २०११च्या जनगणनेनुसार एक कोटी पाच लाख आहे. त्यातल्या वारली, कातकरी, कोलाम, कोरकू, माडिया यांच्यात साखरेचं प्रमाण किती, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. आपल्याच गडचिरोलीतले डॉ. अभय बंग ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिनं २०१८ साली केंद्राला अहवाल दिला. आदिवासींवर संसर्गाचे आजार आणि कुपोषण यांच्या जोडीला आता रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचंही ओझं आलं आहे, आणि चारांतल्या एका प्रौढ आदिवासीला रक्तदाब आहे, असं त्यात लिहिलं आहे. हा अहवाल सरकारनंच मागवलेला होता. त्याला वर्षं उलटली.

आमच्या मागण्या अशा. पाड्यावरच्या बायांशी आणि गटातल्या इतर आशांशी बोलून त्या लिहिल्या आहेत.

अनुसूचित क्षेत्रात तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर, गुण न बघता, वर्षातून एकदा तपासा. वावर-वांगणीच्या काळात जन्मलेल्यांपासून सुरुवात करा. जन्मतः कमी वजनाचे किंवा लहानपणी तीव्र कुपोषित म्हणून नोंद झालेले जे आज पंचवीस-तीसचे आहेत, त्यांना वयाची अट लावू नका. फॉर्ममध्ये 'विनाकारण वजन घटलं का' आणि 'लहानपणी कुपोषण होतं का' हे दोन प्रश्न घाला आणि त्यांना गुण द्या.

पट्ट्यांचा तीन महिन्यांचा साठा पावसाळ्याआधी प्रत्येक उपकेंद्रात पोहोचवा. रस्ता बंद होतो हे दरवर्षी ठाऊक असतं.

सिकलसेल किंवा जास्त रक्तक्षय असलेल्या माणसाचं निदान फक्त एचबीएवनसीवर करू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघा. तसं लेखी परिपत्रक काढा आणि सिकलसेलचं व साखरेचं कार्ड एकत्र करा. बारीक अंगाच्या रुग्णाला कोणतं औषध, किती इन्शुलिन, हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्या, कारण ज्याला रात्री जेवण मिळेल की नाही याची खात्री नाही त्याला जास्त इन्शुलिन दिलं तर साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो.

जगायला जाणाऱ्यांना निदान चार महिन्यांचं औषध आणि राज्यात कुठेही चालेल अशी नोंदवही द्या. भट्टी असलेल्या प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याला ती मानणं बंधनकारक करा.

नागली आणि वरई इथल्याच शेतकऱ्यांकडून हमीभावानं घ्या आणि इथल्याच रेशनवर, अंगणवाडीत, आश्रमशाळेत द्या. रेशनमध्ये डाळ आणि तेल घाला. आश्रमशाळा तर आदिवासी विकास विभागाच्याच आहेत, त्यामुळे निदान तिथे दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पाय, डोळे आणि लघवीतली प्रथिनं तपासा. माझ्या भावाचा पाय एका साध्या तपासणीनं वाचला असता. तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून 'कळतंय का' एवढंच विचारायचं असतं.

आणि दरवर्षी जिल्हावार, जमातवार आकडे जाहीर करा. ते ग्रामसभेसमोर मांडा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ साली आला. आमच्या आरोग्याचा पैसा कुठे जातो हे विचारायचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि आम्ही तो वापरणार आहोत.

दिवाळीनंतर पाड्यावर म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. तपासणी त्याआधी झाली नाही तर ज्यांची करायची ती माणसं पावसापर्यंत हाती लागणार नाहीत. म्हणून पट्ट्या आणि तुमचं लेखी उत्तर, दोन्ही दिवाळीच्या आधी हवं. उत्तर माझ्या नावानं नको, ग्रामसभेच्या नावानं द्या. पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं ठरलं आहे, आलं नाही तर तसं इतिवृत्तात लिहायचंही ठरलं आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. जव्हार, जि. पालघर